उस्तादांनी बांधलेला ब्लॉक

ट्रकचं इंजिन विकत मिळतं, अशी बहुतेकांची समजूत असते. नव्या गाडीपुरतं ते खरं आहे. पुढे मात्र इंजिन विकत घेत नाहीत, बांधतात. आमच्या धंद्यात हाच शब्द चालतो. गाडी काळा धूर सोडायला लागली, चढावर मागे पडायला लागली की ड्रायव्हर येऊन सांगतो, "मिस्त्री, इंजिन बांधायला आलंय."

ते कसं बांधतात हे थोडक्यात सांगतो, कारण पुढची हकीकत त्यावरच उभी आहे. ब्लॉक म्हणजे इंजिनाचं ओतीव लोखंडाचं धड. त्यात सहा सिलिंडर, म्हणजे सहा उभ्या गोल पोकळ्या असतात. प्रत्येकीत एक पिस्टन खालीवर पळतो. वर्षानुवर्षं घासून त्या पोकळ्यांचा गोल बिघडतो. मग त्या कातून पुन्हा गोल करायच्या, आत लाइनर नावाची नवी नळी ठोकून बसवायची, खालचा क्रँक, म्हणजे पिस्टनांनी फिरणारा दांडा, घासून घ्यायचा आणि सगळं पुन्हा जुळवायचं. हे सगळं आधीच करून तयार ठेवलेला असतो तो बांधलेला ब्लॉक. सिलिंडरांच्या भोवती, ब्लॉकच्या पोटात, पाण्याच्या वाटा असतात. रेडिएटरमधलं पाणी त्या वाटांनी फिरत राहतं म्हणून इंजिन जळत नाही. माणसं डिझेलकडे लक्ष देतात, पाण्याकडे देत नाहीत.

मी मूळचा उमरीचा. वडील जिनिंगमध्ये हमाल होते. आमच्या घरातच काय, सगळ्या वस्तीत पहिली पदवी माझी. नांदेडला बी.एस्सी. झालो तेव्हा वडिलांनी विहारात पेढे वाटले आणि भेटेल त्याला सांगितलं, "आमचा सुभाष आता खुर्चीत बसनार." खुर्ची काही मिळाली नाही. अर्ज करून करून थकलो आणि एक दिवस नांदेडच्या करीम उस्तादांच्या गॅरेजसमोर जाऊन उभा राहिलो. उस्ताद गाडीखाली होते. तिथूनच त्यांनी विचारलं, "क्या पढ़े?"

"फिजिक्स."

"तो ये बताव, लोहा लोहे पे चला तो गरम कैकू होता?"

मी घर्षणाचं उत्तर दिलं, जसं परीक्षेत देतात तसं. ते हसत बाहेर आले. "हौ. बस, इत्ताच काम है अपना. घिसना कम करना. आव, हाथ काले करो."

मी त्यांच्याकडे चार वर्षं होतो. आज माझं जे काही आहे ते त्या गॅरेजातलं आहे. पुस्तकातलं सूत्र आणि हाताला लागणारी फट यांचा संबंध त्यांनीच मला दाखवला. माझं शिक्षण वाया गेलं असं वडिलांना वाटू नये म्हणून एकदा ते स्वतः एस.टी.ने उमरीला आले आणि वडिलांना म्हणाले, "आपका लड़का मेरे पास साहब ही है. बस, कुर्सी की जगह स्टूल है."

उस्तादांचा एक नियम होता. जुम्म्याच्या दिवशी गिऱ्हाइकाच्या गाडीला हात लावायचा नाही. नमाज पढून आले की मागच्या कोपऱ्यातली ताडपत्री उचलायची आणि स्वतःचं काम करायचं. ताडपत्रीखाली एक मोठा ब्लॉक होता. अपघातात गेलेल्या एका ट्रकचा त्यांनी तो भंगारातून आणला होता. जन्मभर दुसऱ्यांच्या गाड्या बांधल्या, आता स्वतःचा एक ट्रक घ्यायचा, नांदेड-हैदराबाद रस्त्यावर स्वतः चालवायचा आणि त्याचं इंजिन आपल्या हातचं असलं पाहिजे, एवढीच त्यांची इच्छा. घाई अजिबात नव्हती. एखादा लाइनर मनासारखा बसला नाही तर काढून ठेवायचे आणि पुढच्या जुम्म्याला पुन्हा. ब्लॉकमधलं पाणी काढून टाकायला खाली एक तोटी असते. सगळे तिथे साधा लोखंडी प्लग ठोकतात, तो गंजून अडकतो. उस्तादांनी लेथवर स्वतः एक पितळी तोटी कातून घेतली होती, छोटीशी, देखणी. "पानी आसानी से निकलना चाहिए," म्हणायचे. मी माप धरायचो, ते बसवायचे. मी निघालो तेव्हा ब्लॉक पुरा झाला होता आणि ट्रकचा पत्ता नव्हता.

लातूर जिल्हा नवा झाला तेव्हा मी तिथे गेलो. कचेऱ्या भाड्याच्या घरांत होत्या, पाट्या ओल्या रंगाच्या होत्या, आणि बांधकामाच्या सामानाचे ट्रक दिवसभर ये-जा करायचे. उस्तादच म्हणाले होते, "नया जिला है, गाड़ियाँ आयेंगी. तू जा." बँकेने सुशिक्षित बेकार म्हणून कर्ज दिलं. मी रेणापूरच्या रस्त्याला पत्र्याचं शेड टाकलं आणि लोक मला 'बी.एस्सी. मिस्त्री' म्हणू लागले. काही जण कौतुकाने म्हणायचे, काही जण गंमत म्हणून. मुरुडचे एक गिरणीवाले तर आपलं इंजिन बैलगाडीत घालून, वर बायकोचं जुनं लुगडं पांघरून आणायचे. का विचारलं तर म्हणाले, "नजर लागती. मागच्या टायमाला उघडं आणलं, दोन दिसात गॅस्केट गेली." गॅस्केट मीच बसवली होती, त्यामुळे मी त्या नजरेवर काही बोललो नाही.

मग दुष्काळ आला. बांधकामं थांबली आणि ट्रकवर लोखंडी टाक्या चढल्या. रेणापूरच्या पलीकडच्या एका वाडीचे निवृत्तीमामा त्याच दिवसांत माझ्याकडे आले. स्वतःची जुनी गाडी, स्वतःच ड्रायव्हर. सरकारी पाण्याचं काम त्यांना मिळालं होतं आणि त्यांची स्वतःची वाडीही त्याच फेरीत होती. बॉनेटमधून वाफ येत होती.

"मिस्त्री, दम न्हाई राहिला हिच्यात. चढ आला की म्हातारीवानी बसती."

हेड, म्हणजे ब्लॉकवरचं झाकण, उघडलं. इंजिन झिजलं होतं खरं, पण मला दुसरंच दिसलं. पाण्याच्या वाटा पांढऱ्या थराने जवळजवळ बुजल्या होत्या. पातेल्याच्या तळाला खारट पाण्याचा थर धरतो तसा, पण बोटभर जाड. दोन सिलिंडरांच्या मधोमध केसाएवढी चीर गेली होती.

"मामा, रेडिएटरमध्ये कुठलं पाणी घालता?"

"वाडीवर हापसा हाय. जनावरं बी तोंड लावत न्हाईत त्याला, लई खारट. मग म्हनलं गाडीला चालतंय."

"अहो, पाठीवर टाकीभर गोड पाणी घेऊन फिरता तुम्ही!"

"ते लोकांचं हाय, मिस्त्री."

त्यांनी हे अगदी सहज सांगितलं. मी डब्यातला चहा पुढे केला आणि समजावू लागलो. दोन बादल्यांनी काही बिघडत नाही, गाडीच बंद पडली तर सगळ्यांचंच पाणी जाईल. त्यांनी ऐकून घेतलं. "दोन बादल्या म्हंजी एका घराचं पानी झालं की हो. बायका कळशी लावून उभ्या ऱ्हातात, समोर. त्यांच्यासमोर मी गाडीला पाजू?"

आता प्रश्न असा होता. त्यांचा ब्लॉक पिस्टनला नुसत्या नव्या रिंगा टाकून चालणार नव्हता. तो पुन्हा बांधायचा तर कातकामाला नांदेडला पाठवावा लागणार, तिथे आधीच रांग, आणि तोवर गाडी उन्हाळाभर उभी. वर कचेरीतून निरोप आला होता की पुढच्या महिन्यापासून मोठ्या टाकीच्याच गाड्या कामावर राहतील. जुन्या इंजिनाला मोठी टाकी झेपली नसती. तिसरा मार्ग म्हणजे मोठ्या मॉडेलचा बांधलेला ब्लॉक घालायचा. तो त्यांच्या चासीवर, म्हणजे गाडीच्या सांगाड्यावर, पट्ट्या वेल्ड करून बसत होता. पण इंजिन मोठं झालं की गिअर बॉक्स, मागच्या आसाचं हौसिंग, ब्रेक या सगळ्यांवर ताण येतो. गाडी एका बाजूने तगडी आणि बाकीची तशीच. मी हे सगळं कागदावर काढून दाखवलं.

निवृत्तीमामांनी कागद बघितला, घडी घातली आणि सगळीच गिऱ्हाइकं विचारतात तो प्रश्न विचारला. "तुमची गाडी असती तर काय केलं असतं?"

"मोठा ब्लॉक घातला असता. पण बांधलेला मोठा ब्लॉक आत्ता आणायचा कुठून?"

असं मी म्हणालो, आणि तो कुठे आहे हे म्हणतानाच मला ठाऊक होतं.

दोघं एस.टी.ने नांदेडला गेलो. उस्तादांनी निवृत्तीमामांना स्टूल दिलं, पाणी दिलं, आणि सगळं ऐकून घेतलं. मी ब्लॉकचं नाव काढलं नाही. उस्तादच मागे गेले आणि ताडपत्रीच्या कडेला हात लावून उभे राहिले.

"सुभाष मियाँ, सीधा बोलते नै आता क्या?"

"उस्ताद, तुमच्या गाडीसाठी आहे तो."

"गाड़ी कहाँ है?" ते म्हणाले. मग निवृत्तीमामांकडे वळले. "वाडी में बच्चे कित्ते हैं?"

"हाईत की. लई हाईत."

उस्तादांनी ताडपत्रीची सुटलेली दोरी पुन्हा बांधली. "जुम्मे को आव. दूसरे दिन मैं इसको हाथ नहीं लगाता."

आम्ही जुम्म्याला पुन्हा गेलो. नमाजानंतर उस्तादांनी ताडपत्री काढली, सगळा ब्लॉक तेलाच्या फडक्याने पुसला, आणि साखळीच्या कप्पीने टेम्पोत चढवताना कुणाला साखळीलाही हात लावू दिला नाही. पैशांचं जे व्हायचं ते नंतर रीतसर झालं, त्याबद्दल इथे लिहीत नाही. निघताना त्यांनी निवृत्तीमामांचा हात धरून ब्लॉकवर ठेवला.

"एक ही शर्त है, मामू. इसमें खारा पानी नक्को डालो."

"हाव, उस्ताद," मामा म्हणाले.

"रेडिएटरचं पाणी माझ्याकडून," मी म्हणालो. "रोज दोन कॅन गोड पाणी भरून देतो. टाकीला हात लावायची गरजच नाही."

सगळ्यांनाच हा मार्ग पसंत पडला. मला तर त्याचा थोडा अभिमानही वाटला.

ब्लॉक बसवला. जुना रेडिएटर उकळून साफ करून घेतला, ब्रेकही नवे टाकले. पहिल्या सेल्फला इंजिन बोललं. आवाज असा एकसारखा होता की शेजारचा टायरवाला हातातलं काम टाकून बघायला आला. आम्ही मोठी टाकी भरून रेणापूरच्या पुढच्या चढावर नेली. ज्या चढावर मामा पहिल्या गिअरवर रडायचे तिथे त्यांनी तिसऱ्यावर गाडी काढली. वर गेल्यावर ते गाडी थांबवून खाली उतरले, आणि बॉनेटवर पालथा हात ठेवून म्हणाले, "उस्तादच्या हाताला सोन्याचं कडं घातलं पायजे."

तो उन्हाळा फार कडक होता. लातुरात नळाला पाणी एक दिवसाआड, तेही करंगळीएवढं. माझी बायको शोभा रोज सकाळी घरच्या भांड्यांतून ते दोन कॅन बाजूला भरून ठेवायची आणि म्हणायची, "इंजिन पितंय का हत्ती पाळलाय?" पण भरायची. मामा शेडवर यायचे, कॅन केबिनमध्ये ठेवायचे, हात जोडायचे आणि जायचे. रिकामे कॅन दुसऱ्या दिवशी परत. मी विचारायचो, "काटा कुठे असतो?" तापमानाचा काटा म्हणजे. ते म्हणायचे, "मधी असतो." उन्हाळ्याच्या शेवटी शेवटी ते उत्तर देईनासे झाले. मला वाटलं, थकलेत.

पाऊस पडला, टाक्या उतरल्या. त्यानंतर उस्ताद न कळवता नांदेडहून आले. हातात बायकोने दिलेला डबा. "मेरा ब्लॉक कैसा बोल रहा, सुनना है," म्हणाले. मी मामांना निरोप धाडला. गाडी लांबून येताना ऐकली तेव्हाच उस्तादांचा चेहरा बदलला. त्यांनी डबा खाली ठेवला. आत ठक ठक असा आवाज येत होता आणि एक्झॉस्टमधून पांढरी वाफ.

"खोल," ते मला म्हणाले.

हेड काढलं. मी आधी पाहिलं, मग बाजूला झालो. पाण्याच्या वाटा पांढऱ्या झाल्या होत्या. पहिल्या ब्लॉकमध्ये वर्षानुवर्षं साचलेलं इथे एका उन्हाळ्यात साचलं होतं, कारण मोठी टाकी, मोठा चढ, आणि पाणी सतत उकळून आटत होतं. दोन सिलिंडरांच्या मधून चीर आरपार गेली होती. जी पोकळी बसवायला उस्तादांनी तीन जुम्मे घालवले होते तिच्यातला लाइनर ओरबाडून निघाला होता.

उस्तादांनी नखाने थर खरवडला, बोटावर घेतला आणि जिभेला लावला. "खारा," ते म्हणाले.

मामा खाली बघत होते. मीच ओरडलो, आणि एवढ्या मोठ्याने मी कुणा गिऱ्हाइकावर कधी ओरडलो नव्हतो. "मामा, रोज दोन कॅन नेत होता ना? कुठे गेलं ते पाणी?"

"सायेब," मामा म्हणाले. मला मिस्त्री म्हणायचं सोडून त्यांनी पहिल्यांदाच साहेब म्हटलं. "वाडीच्या शेवटाला दोन घरं हाईत. टाकीचा पाइप तिथवर जाईपर्यंत पानी सरतं. रोजच सरतं. त्या बाया उभ्या असतात. केबिनमंदी कॅन दिसत्यात त्यांना." ते थांबले. "मी एक दिस दिले. म्हनलं एकच दिस. मग रोजच उभ्या ऱ्हाऊ लागल्या."

"मला का सांगितलं नाही? मी आणखी दोन कॅन दिले असते."

"वैनी नळावर उभ्या असलेल्या बघितल्या मी. कसं मागू?"

उस्ताद ब्लॉकवर हात ठेवून उभे होते. मला वाटलं, आता ते बोलतील, शर्तीची आठवण देतील. त्यांनी फक्त पाना मागितला. वाकून त्यांनी खालची पितळी तोटी सोडवली, फडक्याने पुसली, पायजम्याच्या खिशात घातली. "बाकी भंगार में डाल दे," मला म्हणाले. मग डबा उघडला आणि मामांना जवळ बसवून पोळीचा पहिला तुकडा त्यांच्या हातात दिला. मामांना तो खाता येईना.

त्यानंतर उस्तादांनी ट्रकची गोष्ट काढली नाही. जुम्म्याला नमाजाहून आले की घरी झोपायचे. गॅरेजच्या त्या कोपऱ्यात पुढे दुसऱ्यांच्या बॅटऱ्या राहू लागल्या. निवृत्तीमामांनी गाडी विकली आणि दुसऱ्याच्या ट्रकवर ड्रायव्हर म्हणून राहिले. मी पुढे कितीतरी इंजिनं बांधली. गिऱ्हाइकाने "तुमची गाडी असती तर?" असं विचारलं की मी आता लगेच उत्तर देत नाही. आधी विचारतो, पाणी कुठलं घालता, आणि ते खरंच कुठे जातं.

काही वर्षांनी नांदेडला उस्तादांच्या घरी गेलो. दाराबाहेर गल्लीच्या कडेला कडुलिंबाच्या सावलीत एक ड्रम ठेवला होता, जाणाऱ्यायेणाऱ्यांना पाणी प्यायला. ड्रमाच्या खाली तीच तोटी होती. घासून घासून लख्ख ठेवलेली.

"चूड़ी मिलती नहीं थी," उस्ताद म्हणाले. चूड़ी म्हणजे तोटीचे आटे. "ड्रम कू नई चूड़ी काटा. एक बूँद नै टपकता, देख."

मी पाणी प्यालो. त्यांनी विचारलं, "वो मामू तेरे पास आता क्या?"

"येतात कधीकधी. दुसऱ्याच्या गाडीवर आहेत."

"नांदेड आया तो इधर पानी पी के जाव, बोलना."

मी निरोप दिला. मामा हो म्हणाले. नंतर त्यांनी नांदेडला माल नेला, कितीतरी वेळा नेला, पण त्या गल्लीत ते गेले नाहीत. मी एकदा विचारलं तर म्हणाले, "त्या तोटीचं पानी कोनत्या तोंडानं पिऊ, मिस्त्री?"

हे मी उस्तादांना कधी सांगितलं नाही. ते असेपर्यंत दर भेटीत विचारायचे, "आया था क्या?" मी म्हणायचो, अजून नाही, येतील.